संस्कृती सर

आमच्या मालेगावात (नाशिकचं नव्हे, वाशिमचं, हे दर वेळी सांगावं लागतं) समाजशास्त्राचे एक सर आहेत. त्यांचं खरं नाव आता पगारपत्रकातच उरलंय. गाव त्यांना ‘संस्कृती सर’ म्हणतं. टायलरची १८७१ सालची संस्कृतीची व्याख्या ते एका दमात फळ्यावर लिहितात, हात झटकतात अन् म्हणतात, “हे परीक्षेपुरतं. आता स्टँडवर चला.”

स्टँडवर वाशिमची एसटी लागते. खिडकीतून रुमाल, पिशव्या, एखादं लेकरूही आत सरकवलं जातं. “थांबा, यात संस्कृती आहे!” सर ओरडतात. “तो रुमाल उचलून बाजूला टाकायची कोणाची हिंमत आहे? कुठल्या कायद्यात लिहिलंय?” शंका रास्त असते. पण तेवढ्यात गाडी भरते आणि सर लोकरीतींवर बोलत बोलत उभ्यानंच वाशिम गाठतात.

घरीही सुटका नाही. एकादशीला ताट पुढ्यात आलं की सुरू: “साबुदाण्याचा कंद दक्षिण अमेरिकेतला, शेंगदाणा तिथलाच, बटाटाही. मिरची पोर्तुगीजांनी आणली. आपलं म्हणावं तर एवढं तूप.” वहिनी तुपाची वाटी उचलून आत नेतात. “मंग उरलेलं अमेरिकेतच जाऊन खा.”

पोरं हसतात, पण तास बुडवत नाहीत. बंजारा तांड्यावरून येणारी एक पोर वर्गात गोरबोलीचा शब्द तोंडातून निघाला तरी लाजायची. सरांनी श्रावणात तिलाच तीजेवर बोलायला उभं केलं अन् स्वतः शेवटच्या बाकावर वही घेऊन बसले. टोपलीत गहू कसे पेरतात, कोणी पेरायचे, हे सरांनी इतकं खोदून विचारलं, की शेवटी तीच म्हणाली, “सर, बेल झाली.”

मागं त्यांनी गारफिंकेल नावाच्या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाचा प्रयोग इथं आणला: आपल्याच घरी भाडेकरूसारखं वागून पाहायचं. एका पोरानं तसं करताच बाप म्हणाला, “मंग भाडं टाक.” शिरपूरकडची एक पोर मात्र आईला म्हणाली, “काकू, पाणी मिळेल का? आभारी आहे.” आईनं आधी तिच्या कपाळाला हात लावला. “ताप त नाही ना आला तुले?” मग चुलीपाशी बसवून मीठ-मिरचीनं नजर काढली.

पोरीनं हे सगळं वहीत उतरवलं. सर इतके खूश झाले, की दुसऱ्याच दिवशी प्रत्यक्ष पाहायला तिच्या घरी हजर. आईनं त्यांना आपादमस्तक न्याहाळलं, पाट दिला आणि मीठ-मिरची त्यांच्यावरूनही उतरवून चुलीत टाकली. ही मिरची मूळची कुठली, हे सांगायला सरांनी तोंड उघडलं आणि त्यांना जबरदस्त ठसका लागला.

ठसका लागला म्हणजे नजर नाही, हा तिकडचा हिशेब.

“यायले काही लागलं नाही वो,” आई लेकीला म्हणाली, “हे मुळातलंच हाये.”