धुराचा लातूर पॅटर्न

बाकी महाराष्ट्रात गाडीनं धूर सोडला की मालक घाबरतो. लातुरात तसं नाही. इथं धूर ही शुभवार्ता आहे. दिवाळीच्या आगेमागे साखर कारखान्याचं धुराडं पेटलं की ऊस जाणार, बिल येणार, उधारी फिटणार. अशा जिल्ह्यात वाढलेल्या माणसाच्या गाडीमागं निळा ढग उठला तर त्याला आरशात इंजिन दिसत नाही, गाळप दिसतं. "निघू द्या की," तो म्हणतो, "चालू हाय म्हणून निघायलाय."

निदानाची आमची पद्धतही स्वतंत्र. गाडी सोडून सगळ्यांना विचारायचं. ऑइलवाला म्हणतो पेट्रोलात भेसळ आहे, पंपावरचा पोरगा म्हणतो ऑइल बदला, मेहुणा म्हणतो माझ्या साडूची गाडी अशीच करत होती, त्यानं विकली. बॉनेट उघडून ऑइलची पट्टी तरी ओढून बघा, असं कुणी म्हणत नाही. त्यात हात काळे होतात. सल्ला पांढऱ्या सदऱ्यात देता येतो.

वास्तविक धूर बिचारा स्वतःहून कबुली देत असतो. निळा असेल तर इंजिन ऑइल जाळतंय. रात्रभर उभी राहिलेली गाडी सकाळी चालू करताना निळी पिचकारी मारून गप्प होत असेल तर व्हॉल्व्हची सीलं कडक झालीत, रात्रभर ऑइल आत झिरपलंय. अ‍ॅक्सिलरेटर दाबल्यावर मागं निळी रेघ राहत असेल तर पिस्टनच्या रिंगा घासल्यात. सीलाचं काम त्यामानानं स्वस्तात भागतं. रिंगा म्हणजे अख्खं इंजिन काम. तेव्हा धूर केव्हा निघतो, एवढं बघून मिस्त्रीकडं गेलं तरी खिशाला बरं पडतं. आम्ही जातो आणि सांगतो, "लई निघायलाय." मिस्त्रीही मग इंजिन बघत नाही, 'लई'च्या हिशेबानं आकडा सांगतो.

पांढऱ्या धुराचा मामला निराळा. रोमला पांढरा धूर निघाला की नवे पोप ठरले असं जग समजतं. आपल्याकडं २००९ साली नांदेडला महसूल आयुक्तालय जाहीर झालं, लातूर रस्त्यावर उतरलं, आणि तेव्हापासून 'नांदेड की लातूर' हा विषय चुलीवरच आहे. तिथला पांढरा धूर काही निघत नाही. गाड्यांतून मात्र भरपूर निघतो. त्यातला थंडीच्या सकाळी निघून पाच मिनिटांत विरणारा धूर म्हणजे नुसती वाफ. एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण लिटरभर पाणी तयार होतं. रसायनशास्त्राचं हे साधं गणित शिकवण्यांच्या या शहरात लातूरकराला वेळेवर कुणी सांगितलं नाही. म्हणून एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. पहिल्या खेपेला दहा वाघिणी, पाच लाख लिटर. त्याआधी पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदी लावायची वेळ आली होती. आणि त्याच दिवसांत गंजगोलाईत उभ्या असलेल्या गाड्यांच्या सायलेन्सरमधून थेंब थेंब पाणी फुकट गळत होतं. तिथं कुणी घागर लावली नाही. लावली असती तर नंबरावरून डोकी फुटली असती.

पण इंजिन चांगलं तापल्यावरही पांढरा धूर थांबत नसेल, कूलंट भरलेलं असल्यास त्याला गोडसर वास येत असेल आणि कुठं गळती दिसत नसताना रेडिएटरचं पाणी कमी होत असेल, तर हेड गॅस्केट गेलं समजा. ऑइलचं झाकण उघडलं आणि आत दुधाळ चहाच्या रंगाचा चिकट थर निघाला तर पाणी ऑइलात उतरलंय. याचं मूळ पुष्कळदा बोअरमध्ये सापडतं. काळ्या खडकातून शेकडो फुटांवरून उपसलेल्या ज्या क्षाराच्या पाण्यानं गिझरची कॉइल पांढरी होते, तेच पाणी आम्ही रेडिएटरात ओततो. आत क्षाराचे थर चढतात, पाणी फिरेनासं होतं, इंजिन तापतं, हेड वाकतं. मालक स्वतः जारचं पाणी पितो, कारण बोअरच्या पाण्यानं म्हणे मुतखडा होतो. गाडीला मुतखडा होत नाही असं त्याचं ठाम मत. कूलंटचा डबा त्याला महाग वाटतो. हेडकामाचं बिल मात्र तो अभिमानानं चार लोकांना दाखवतो. (तापलेल्या रेडिएटरचं झाकण फडक्यानं फिरवणारा एक बहाद्दर प्रत्येक धाब्यावर असतो. हातावरच्या डागावरून ओळखू येतो.)

काळ्या धुराचं फार मनावर घेऊ नका. इंधन जास्त, हवा कमी. एअर फिल्टर काढून आपटला तरी अर्धा उलगडा होतो. लातूर-नांदेड या दोन जिल्ह्यांनी राज्याला चार मुख्यमंत्री दिले. त्यांच्या काळात नारळ फुटलेल्या कामांची धूळ अजून फिल्टरात सापडते. नव्या डिझेल गाड्यांची तऱ्हा मात्र वेगळी. त्यांचा धुराच्या वाटेवरचा फिल्टर काजळी साठवून ठेवतो आणि गाडी मोकळ्या रस्त्यावर सलग पळाली की जाळून टाकतो. घर ते दुकान, दुकान ते घर करणाऱ्याचा तो तुंबतो. अशा गाडीला तज्ज्ञ हवापालट सांगतात, म्हणून लातूरकर चाकूर, अहमदपूर, लोहा करत नांदेडला तख्त सचखंड साहिबला माथा टेकून येतो. फिल्टरही साफ, पुण्यही जमा. शहरात शिरताना लातूर फाट्यावर अर्धा तास अडकून निम्मी काजळी पुन्हा भरते, ते सोडा.

एवढं सगळं असून कागदोपत्री या गाड्या धूर सोडतच नाहीत. पीयूसी ही आमच्या हातखंड्याची परीक्षा आहे: पेपर ठाऊक, गुणपद्धती ठाऊक. डिझेल गाडीच्या धुराचा दाटपणा तेवढा मोजतात. भारत स्टेज ४ च्या गाडीला मर्यादा ५० हार्ट्रिज एककांची, त्याआधीच्या गाड्यांना ६५. धूर निळा की काळा, हा प्रश्न अभ्यासक्रमातच नाही. शिवाय चाचणी इंजिन गरम झाल्यावर घ्यायची असते. म्हणजे सकाळी अख्ख्या गल्लीला खोकायला लावणारी गाडी केंद्रावर पोचेपर्यंत शुद्ध होते आणि विशेष प्रावीण्यासह उत्तीर्ण होऊन परतते. निकाल लावण्यात आमचा हात कुणी धरू शकत नाही.

मग उरतो मेहुण्याचा सल्ला. विका. लातूरची धूर सोडणारी गाडी लातुरात विकता येत नाही, गल्लीनं ढग बघितलेला असतो. ती नांदेडला जाते. नांदेडची त्याच कारणानं लातूरला येते. एमएच २४ तिकडं, एमएच २६ इकडं. आयुक्तालयाचं काही असो, धुराची वाटणी दोन्ही जिल्ह्यांत बिनतक्रार झालेली आहे.

तुम्ही अशी गाडी बघायला जाणार असाल तर भल्या सकाळी जा, आणि आधी न सांगता. मालक चहा टाकायला आत गेला की बॉनेटवर हात ठेवा. गार असेल तर किल्ली मागा आणि मागं उभं राहून बघा. गरम असेल तर विचारा. तो हसत सांगेल, "आत्ताच देवदर्शन करून आलो की गाडीनं."