रूळ दुसऱ्याच्या दारातून

लंडनहून पश्चिमेकडे निघालेली माणसं बाथला जातात, ब्रिस्टलला जातात. स्विंडन त्यांना फक्त वाटेत लागतं. आम्ही मात्र मुद्दाम स्विंडनलाच निघालो होतो. तिथल्या 'स्टीम' या रेल्वे संग्रहालयात ऑक्टोबरात 'ग्रेट वेस्टर्न ब्रिक शो' भरतो. म्हणजे लेगोच्या विटांची जत्राच. गाडीत मी, बायको, नऊ वर्षांचा ओम आणि सासरे नाना. मध्य रेल्वेतून गार्ड म्हणून निवृत्त झालेले नाना डोंबिवलीहून आमच्याकडे राहायला आले होते. शिवाय बकिंगहॅमशरचा मेहुणा शिरीष. त्याच्या घरामागून 'हाय स्पीड टू' ही लंडन-बर्मिंगहॅम रेल्वे जाते आहे, त्यामुळे तो कुणाशीही ओळख करून घेताना नाव, गाव आणि विरोध या क्रमाने बोलतो.

स्विंडनात शिरताना 'मॅजिक राउंडअबाउट' लागतो. एका चौकाभोवती पाच छोटे गोल चौक, आणि मधल्या वर्तुळात वाहनं उलटी फिरतात. हे १९७२ पासून चालू आहे म्हणे. मी एका चौकातून सुटून दुसऱ्यात सापडलो, तसे नाना मागच्या सीटवरून ओरडले, "अहो जावईबापू, सिग्नल कुठाय? केबिनमन कुठाय?" बायकोने डोळे मिटले. आम्ही बाहेर पडलो तेव्हा कुठल्या रस्त्याला लागलो हे विचारायची कुणाची हिंमत झाली नाही.

संग्रहालय जुन्या रेल्वे कारखान्यात आहे. १८४३ साली सुरू झालेला कारखाना १९८६ साली बंद पडला. आता शेजारच्या शेडमध्ये ब्रँडेड कपड्यांची स्वस्त दुकानं आहेत. बायकोची नजर तिकडे गेली, नानांची 'केर्फिली कॅसल' या १९२३ च्या वाफेच्या इंजिनाकडे. नानांनी इंजिनाला हात जोडले. बायकोनेही मनोमन जोडले असावेत, पण शेजारच्या शेडला.

आत टेबलांवर टेबलं मांडलेली. किल्ले, बंदरं, अंतराळयानं आणि अर्थातच रेल्वे. "ही १९५८ ची वीट आजच्या विटेत चपखल बसते," ओमने सांगितलं. नाना हेलावले. "आणि ही ग्रेट वेस्टर्न रेल्वे बांधणाऱ्या ब्रुनेल इंजिनिअरने रूळ सात फुटांचे टाकले, बाकीच्यांनी पावणेपाच फुटांच्या आतबाहेर! ग्लॉस्टरला दोन्ही समोरासमोर आले, तेव्हा सगळा माल उतरवून दुसऱ्या गाडीत भरावा लागायचा. पण १८९२ च्या मे महिन्यात उरलेला सगळा मोठा रूळ चार हजारांहून जास्त मजुरांनी एका शनिवार-रविवारात अरुंद केला. शिरीष, ऐकतोयस ना? एका शनिवार-रविवारात!"

"त्यांच्या वाटेत वटवाघळं नव्हती," शिरीष म्हणाला.

इथून वादाची गाडी सुटली. बकिंगहॅमशरच्या एका रानातल्या दुर्मीळ वटवाघळांना गाडीचा धक्का लागू नये म्हणून रुळांवर किलोमीटरभर लांबीचा मांडव घालताहेत. खर्च दहा कोटी पौंडांच्या वर. "आमच्या डोंबिवलीच्या फलाटावर माणसांना पुरेल इतकं छप्पर नाही," नाना म्हणाले. मग शिरीषने मँचेस्टर काढलं. ऑक्टोबर २०२३ मध्ये तेव्हाचे पंतप्रधान ऋषी सुनक यांनी मँचेस्टरपर्यंतचा फाटा, म्हणजे फेज टू, रद्द केला, आणि हा निर्णय जाहीर केला मँचेस्टरमध्येच, एका जुन्या रेल्वे स्टेशनच्या सभागृहात. "म्हणजे कर्जत लोकल रद्द झाल्याची घोषणा कर्जतच्याच फलाटावर!" नानांना हे मनापासून आवडलं. उरलेली रेल्वे सुरू करायची २०३३ ची तारीखही पाळता येणार नाही, हे जून २०२५ मध्ये संसदेत सांगणाऱ्या वाहतूकमंत्री हायडी अलेक्झांडर याच स्विंडनच्या खासदार. "तरी रेल्वे झालीच पाहिजे," नाना ठाम होते. "ताशी ३६० किलोमीटर! देशासाठी चार घरांनी थोडा आवाज सोसला तर काय बिघडलं?"

"मग मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेनही झालीच पाहिजे," शिरीष म्हणाला. "५०८ किलोमीटर. विकासासाठी त्याग करावाच लागतो."

नानांचा चेहरा उतरला. त्याच वाटेवर डहाणूला त्यांच्या भावाची चिकूची वाडी आहे. "तिथली गोष्ट वेगळी. ती झाडं माझ्या आजोबांनी लावलीत."

आता चित्र असं झालं की बाप इंग्लंडमध्ये रेल्वेवादी आणि पालघर जिल्ह्यात आंदोलक. मुलगा नेमका उलट. दोघांचा रेल्वेला पाठिंबा होता, फक्त ती एकमेकांच्या अंगणातून जायला हवी होती.

टेबलामागच्या पांढऱ्या दाढीच्या इंग्रज आजोबांना ओमने विचारलं, "तुमची रेल्वे इथे मध्येच का संपते?"

"घरी ती जेवणाच्या खोलीतून निघते," आजोबा गंभीरपणे म्हणाले. "पाहुण्यांच्या खोलीपर्यंत न्यायची होती. बायकोने फेज टू रद्द केली."

नाना आणि शिरीष दोघांनी एकदमच त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

ओमने विक्रीच्या टेबलावरून जुन्या रुळांची पिशवी घेतली. बायकोने शेजारच्या शेडमधून त्याच्या चौपट आकाराची पिशवी आणली. तिचा खर्च कुठल्याही संसदेसमोर आला नाही. घरी पोचताच दिवाणखान्यात सर्वेक्षण सुरू झालं. रूळ सरळ निघाले, सोफ्याला वळसा घालून टीव्हीखालून नानांच्या आरामखुर्चीपाशी येऊन थांबले.

"आजोबा, खुर्ची उचला ना. दोन मिनिटं."

नानांनी पेपर खाली केला. "आधी नोटीस. मग जनसुनावणी. आणि मोबदला चौपट."

"किती?"

"चार लाडू."

ओम लाडवांची मंजुरी मागायला आईकडे गेला. आईने नानांच्या साखरेचा रिपोर्ट काढला आणि प्रकल्प स्थगित केला.