सरासरीने जगणारे मासे

पालघर जिल्ह्याचा देशात पहिला नंबर आला, ही बातमी तुम्ही कदाचित विसरला असाल. २०१८ सालची गोष्ट. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने देशभरातल्या औद्योगिक पट्ट्यांची हवा, पाणी आणि जमीन तपासून गुणपत्रिका काढली. त्यात जिल्ह्यातल्या तारापूर औद्योगिक वसाहतीला शंभरपैकी ९३.६९ गुण. सत्तरच्या वर गेलं की 'अतिप्रदूषित' हा शेरा मिळतो, म्हणजे आपण विशेष प्रावीण्यासह उत्तीर्ण. दिल्ली मागे, मथुरा मागे, कानपूर मागे. ज्या वापीच्या नावाने आपण वर्षानुवर्षं नाकं मुरडत आलो, तीही मागे. एवढं होऊनही बोईसर नाक्यावर एकाही पुढाऱ्याचा अभिनंदनाचा फ्लेक्स लागला नाही. वाढदिवसाला मात्र पदपथ दिसेनासा होतो.

तारापूरच्या पाण्याचा प्रवास सांगायला सोपा आहे. सूर्या नदीतून येतं, कारखान्यांतून फिरतं आणि रंग, वास, आम्ल, क्षार, द्रावक असा ऐवज घेऊन सामायिक सांडपाणी केंद्रात जातं. तिथे शुद्ध होऊन पाइपातून नवापूरच्या समुद्रात, असा कागद आहे. मेख होती ती केंद्राच्या क्षमतेत. रोजची २५ एमएलडी, म्हणजे अडीच कोटी लिटर. येणारं पाणी त्याहून बरंच जास्त. बादलीत मावत नाही ते पाणी जमिनीवर सांडतं, हे शेंबड्या पोरालाही कळतं. इथे ते नाल्यात सांडलं, नाल्यातून खाडीत गेलं, आणि हा हिशेब विचारायला अखिल भारतीय मांगेला समाज परिषदेला २०१६ साली राष्ट्रीय हरित लवादाचं दार ठोठावावं लागलं. मासे मारणाऱ्यांनी अर्ज करायचा की मासे मरतायत. जानेवारी २०२२ मध्ये लवादाचा निकाल आला. शंभराहून जास्त कारखाने आणि ते सांडपाणी केंद्र यांच्यावर मिळून दीडशे कोटींहून जास्त भरपाई. मधल्या काळात ५० एमएलडीचं नवं केंद्रही आणलं गेलं. एवढं वाचून सुज्ञ वाचक म्हणेल, चला, झालं की!

झालं ते कागदावर. खाडीत काय होतं ते बघायला ओहोटीच्या वेळी दांडी-नवापूरच्या बाजूला चिखलात उतरावं लागतं.

तिथे निवट्या राहतो. बोटाएवढा, डोळे डोक्यावर, परांवर रेटत चिखलात सरपटणारा, मधूनच उडी मारणारा. मासा असून पाण्याबाहेर हिंडतो, कारण कल्ल्यांच्या पोकळीत पाणी साठवतो आणि ओल्या कातडीतून श्वास घेतो. भरतीच्या वेळी बिळात जातो. बीळ चिखलात, आणि चिखलात ऑक्सिजन जवळजवळ शून्य. मग अंड्यांचं काय? तर हा पठ्ठ्या तोंडात हवा भरून घोट घोट आत नेतो आणि बिळाच्या एका कप्प्यात साठवतो. अंडी त्या हवेवर वाढतात. बाळंतिणीच्या खोलीत ऑक्सिजनची सोय करणारा हा बाप कुठल्याही सरकारी रुग्णालयाला लाजवेल.

आता या गृहस्थावर एका रात्री केमिकलचं पाणी आलं. पाऊस धो धो, नाले भरलेले, लाइट गेलेली. अशा रात्री कोणी व्हॉल्व्ह फिरवला, कुठल्या टँकरचं झाकण उघडलं, देव जाणे आणि तो चालक जाणे. पाण्यातला सेंद्रिय माल खायला जिवाणू तुटून पडतात आणि खाताना पाण्यातला ऑक्सिजन संपवतात. किनाऱ्याच्या पाण्यात लिटरमागे चार-पाच मिलिग्रॅम ऑक्सिजन हवा. तो दोनच्या खाली गेला की मासे तोंड वर काढतात, चिंबोऱ्या काठावर चढतात, आणि शिवल्यांना पायच नसल्यामुळे त्या जागच्या जागी उघडतात. निवट्या हवेत श्वास घेऊन ऑक्सिजनच्या तुटवड्यातून तगेलही, पण ज्या ओल्या कातडीतून तो श्वास घेतो तीच कातडी द्रावक आणि आम्लही आत ओढते. तासाभराचं काम. पुढच्या भरतीला पाणी येतं, सगळं पातळ होतं, वाहून जातं.

मग नमुना घेणारा येतो. सरकारी वेळेत येतो, त्याला दोष नाही, त्याची नोकरी आहे. बाटली भरतो. पाइपाच्या तोंडाशी रासायनिक ऑक्सिजन मागणीची, म्हणजे सीओडीची, मर्यादा लिटरला २५० मिलिग्रॅम. कधी मर्यादेत भरतं, कधी वर जातं, पुढे त्याची सरासरी निघते. महिन्यातले एकोणतीस दिवस बरे गेले आणि एक रात्र वाईट गेली तर सरासरी काही फारशी बिघडत नाही. खाडी मात्र बिघडते, कारण शिवल्या सरासरीने मरत नाहीत, त्या त्याच एका रात्री मरतात. आणि तिसाव्या दिवशी अहवाल बरा आला म्हणून उठून बसत नाहीत.

पर्यावरणाचं 'व्यवस्थापन' म्हणून आपल्याकडे जे काही चालतं त्याची सगळी गोम इथे आहे. साहेब मोजतात ते महिन्याचं, हेक्टरचं, कोटींचं. जीव राहतो एका जागी, एका भरतीत, एका विणीच्या हंगामात. दोघांचं गणित कधी जुळतच नाही, आणि जुळलं नाही की साहेबांचं बरोबर धरायचं असा नियम आहे.

तिवरांचंच घ्या. बुलेट ट्रेनसाठी मुंबई, ठाणे, पालघरमधली २१,९९७ तिवरं तोडायला उच्च न्यायालयाने डिसेंबर २०२२ मध्ये परवानगी दिली. आधीचा आकडा ५३ हजारांच्या वर होता, तो कमी केला, हे मान्य करायला हवं. बदल्यात पाचपट लागवड. जनसुनावणीत यावर पुढचा संवाद झडला तर मला नवल वाटणार नाही.

"मावशी, एकाच्या जागी पाच लावतोय आम्ही."

"कुठं लावताय, साहेब?"

"जागा बघितलीय. जरा लांब आहे."

"मग चिंबोऱ्यांना एसटीचा पास पण द्या."

तिवराच्या मुळांत कोळंबीची, बोयटाची, जिताड्याची पिल्लं वाढतात, ती त्या खाडीची असतात. रोप दुसऱ्या खाडीत लावलं, जगलं, वाढलं, तर आनंदच आहे, पण त्याला वीस वर्षं लागतील आणि या खाडीतल्या बाईला जाळं उद्या टाकायचंय.

अजून वाढवण बंदराचं नाव निघालं नाही म्हणून तुम्ही अस्वस्थ झाला असाल. निघालं. वाढवण डहाणू तालुक्यात, आणि हा तालुका २० जून १९९१ पासून पर्यावरणदृष्ट्या नाजूक ठरलेला. अख्ख्या तालुक्यात उद्योगांना मिळून ५०० एकर जागा, आणि तालुक्याभोवती २५ किलोमीटरचा उद्योगमुक्त पट्टा. बोईसर त्या पट्ट्यात बसतं, पण तारापूरची वसाहत आधीची, त्यामुळे पट्ट्याने तिच्याकडे पाठ केली. पहारेकरी म्हणून सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने १९९६ मध्ये डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरण आलं, आणि त्याने १९९८ मध्ये वाढवणचं बंदर साफ नाकारलं.

मग आपण काय केलं? बंदर बदललं नाही, समुद्र बदलला नाही. २०२० साली बंदर हा उद्योगच नाही, असं ठरवलं! प्रदूषणकारी उद्योगांच्या लाल यादीतून काढून 'बिगर-औद्योगिक' खान्यात टाकलं. १,४४८ हेक्टर समुद्र बुजवणार, म्हणजे साडेतीन हजार एकर, खर्च ७६,२२० कोटी, पण हा उद्योग नव्हे. मग काय छंद आहे? भरावाला लागणारी सुमारे २० कोटी घनमीटर वाळू दमणच्या समुद्रातून उपसायची आहे. म्हणजे इथल्या तळावर भराव आणि तिथल्या तळाला खड्डा. समुद्राच्या तळातले किडे, शिंपले, कोवळी कोळंबी यांना राज्याची हद्द आणि प्रकल्पाची हद्द समजत नाही, हा त्यांचा अडाणीपणा. पुढचं भराभर झालं. जुलै २०२३ ला त्याच प्राधिकरणाची परवानगी, जानेवारी २०२४ ला जनसुनावणी, फेब्रुवारीत पर्यावरण मंजुरी, जूनमध्ये केंद्रीय मंत्रिमंडळ, ३० ऑगस्टला पालघरमध्ये पायाभरणी. सूर्याच्या कालव्याचं पाणी आदिवासींच्या शेतावर याच वेगाने पोचलं असतं तर!

बंदराला विरोध करणारे सगळे संत आहेत असं मी म्हणत नाही. डोल जाळ्याच्या बारीक आसात पापलेटची चिल्लीपिल्ली किती येतात, ते सातपाटीतल्या कुणालाही विचारा. खरं सांगतील, आणि लगेच बोट एलईडीवाल्यांकडे आणि पर्ससीनवाल्यांकडे वळवतील. राज्याने सप्टेंबर २०२३ मध्ये पापलेटला राज्यमासा केलं, ५४ जातींच्या माशांची किमान लांबी ठरवून दिली. कोवळं पापलेट पकडायचं नाही. योग्यच आहे. पाचशे ग्रॅमवरचं 'सुपर' पापलेट नातवंडांनी फक्त फोटोत बघावं असं कुणाला वाटतं? पण गंमत बघा. मासा पट्टीने मोजायची शिस्त होडीतल्या माणसाला, आणि खाडीत येणाऱ्या पाण्याची शिस्त सरासरीला. जाळ्यातलं पिल्लू दिसतं, त्यावर दंड बसतो. न जन्मलेलं पिल्लू कुठल्याच जाळ्यात येत नाही.

यावर 'विकास नको का?' हा ठेवणीतला प्रश्न येतो. तारापूरच्या अणुवीज केंद्रातून १९६९ पासून वीज येते, त्यावर माझाही पंखा फिरतो. त्याच केंद्राच्या विस्तारासाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावं उठली, आणि तिथल्या लोकांची पुनर्वसनाची भांडणं वर्षानुवर्षं चालली, हेही आठवतं.

आणि विकासही हवा, निसर्गही जपायचा, हे जमतं, असा पुरावा आपल्याच जिल्ह्यात आहे. डहाणूचं ५०० मेगावॉटचं औष्णिक केंद्र. चिकूच्या बागांवर गंधकाचा धूर नको म्हणून धूर धुण्याची यंत्रणा बसवा, असा आदेश प्राधिकरणाने १९९९ मध्ये दिला. कंपनीने टाळाटाळ केली, मुदती मागितल्या, खर्चाचं रडगाणं गायलं. अध्यक्ष होते न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी. त्यांनी नाद सोडला नाही. २००७ मध्ये यंत्रणा चालू झाली. आठ वर्षं लागली, हे काही कौतुकाचं नाही, पण ती लागली एका माणसाच्या आणि एका जागच्या प्राधिकरणाच्या चिकाटीला, जे दर तारखेला तेच विचारत होतं: बसवलं का? त्या काळी देशात फार थोड्या केंद्रांत अशी यंत्रणा होती. तिथे कुणी धुराची सरासरी काढून बदल्यात वलसाडला झाडं लावायचा प्रस्ताव आणला नाही, किंवा आणला असला तर न्यायमूर्तींपुढे तो टिकला नसता.

तेव्हा माझी मागणी छोटी आहे, कोटींची नाही. ऑनलाइन मीटर आज बसतो पाइपाच्या तोंडाशी, आकडे जातात मंडळाच्या सर्व्हरवर, आणि वाचतो कोण ते सर्व्हरलाच माहीत. एकेक मीटर खाडीत बसवा. दांडीच्या पुलाखाली, मुरब्याला, सातपाटीच्या धक्क्याला. विरघळलेला ऑक्सिजन, दर पंधरा मिनिटांनी, रात्रीसुद्धा, विशेषतः पावसातल्या रात्री. सरासरी काढायची नाही, दिवसातला सगळ्यात वाईट आकडा दाखवायचा. आणि तो दाखवायचा बोईसर स्टेशनावर, डहाणू लोकलच्या वेळेशेजारी, त्याच पाटीवर. नवापूर खाडी: १.८. चर्चगेट लोकल: १२ मिनिटं उशिरा. लोकल उशिरा आहे म्हणून हजार माणसं त्या पाटीकडे बघून शिव्या घालतातच, त्यातल्या दहा-बाराची नजर चुकून वरच्या ओळीवर जाईल.