सोवळ्यातला समुद्र

न्यू जर्सीला दादाकडे मुक्काम असताना पहाटे तीनला पाणी प्यायला उठलात, तर दिवाणखान्यात एक लाल दिवा सरकताना दिसेल. घाबरू नका, चोर नाही. बनियन घातलेला दादा आहे. एका हातात टॉर्च, दुसऱ्या हातात घड्याळजीचं भिंग, आणि नाक काचेला टेकलेलं. "पांढऱ्या उजेडात लपतात रे," तो कुजबुजतो. कोण लपतात, हे मात्र विचारू नका. विचारलंत की उजाडतं.

दादाच्या घरात सहा फुटी समुद्र आहे. 180 गॅलनचा, म्हणजे साधारण 680 लिटर. बघायला येणारे मासे बघतात आणि दादाला ते आवडत नाही. मासे हा त्याच्या लेखी नोकरवर्ग. खरी मालकीण मंडळी म्हणजे खडकांवर बसलेली प्रवाळं. आई पहिल्यांदा गेली तेव्हा तिने अर्धा तास बघून विचारलं, "या दगडांना रोज एवढं काय रे घालतोस?"

"आई, दगड नाहीत ते. प्राणी आहेत. फक्त घर दगडाचं बांधतात."

"मग बाहेर कधी येतात?"

"आत्ता बाहेरच आहेत!"

आईने आणखी जरा बघितलं आणि मंगळाच्या अंगठीतलं पोवळं हेच का, असं विचारलं. दादा संध्याकाळपर्यंत बोलला नाही.

(हा संसार त्याने पुण्यात मांडला असता तर पंचाईतच होती. खडक बांधणारी प्रवाळं आपल्याकडे वन्यजीव कायद्याच्या पहिल्याच अनुसूचीत आहेत, वाघाच्या पंक्तीला.)

दादाची जपमाळ निराळी आहे. सकाळी चहाच्या आधी तो परीक्षानळीत पाच मिलिलिटर पाणी घेतो आणि सिरिंजने एकेक थेंब सोडत बसतो. रंग पालटला की क्षारतेचा आकडा कळतो. 8.3 आला तर वहिनीला "गुड मॉर्निंग" मिळतं. 7.8 आला की चेहरा असा होतो, जणू कुणाचा बायोप्सीचा रिपोर्ट हातात पडलाय. "एका दिवसात अर्ध्या अंकाने उतरलंय," तो म्हणतो. वहिनी शांतपणे टोस्टला लोणी लावत असते. तिची साखर गेल्या वर्षी 240 झाली होती, ते त्याला नंतर कधीतरी कळलं.

त्याची दोन वाक्यं ठरलेली. दुसऱ्याच्या टाकीत काही बिघडलं की फोनवर धीरगंभीर आवाजात, "आठ दिवस काही करू नकोस. बघत राहा." आणि स्वतःच्या टाकीत काही बिघडलं की, "अगं, बादली आण!"

शत्रूही कितीतरी. ॲक्रोपोरा जातीचं प्रवाळ खाणारा एक चपटा किडा असतो. तो प्रवाळाचाच रंग घेऊन त्यावर पडून राहतो, त्यामुळे किडा दिसत नाही, नुसते त्याच्या चाव्याचे गोल फिकट डाग दिसतात. तो आहे का हे बघायला प्रवाळावर पाण्याचा झोत मारावा लागतो. त्यासाठी दादाच्या स्वयंपाकघरात, पोळपाटाशेजारच्या खिळ्याला, टर्की बेस्टर टांगलेला आहे. भाजत्या टर्कीवर तिचाच रस सोडायची ही रबरी फुग्याची मोठी पिचकारी. आमच्या घरात सात पिढ्यांत कुणी अंडं उकडलेलं नाही. आईने ती पिचकारी ओळखली नाही हे नशीब. तिने त्या पिचकारीने तुळशीला पाणी घातलं.

मग एकदा तांबडे ढेकूण झाले. ढेकूण म्हणायचं इतकंच, ते अर्ध्या मिलिमीटरचे कवचधारी जीव. त्यांच्यावर चालणारी गोळी मुळात कुत्र्यांच्या हृदयातल्या जंतांसाठीची. गोळीला व्हेटची चिठ्ठी लागते आणि दादाकडे कुत्रा नाही. फोनवर व्हेटने रीतसर विचारलं, पेशंटचं वजन किती? दादाने प्रामाणिकपणे सांगितलं, "180 गॅलन."

ऐप्टेशिया नावाचं तण (तेही प्राणीच) उगवलं तेव्हा तो कालक्वासर, कालक्वासर करत सुईने त्याच्या तोंडात काहीतरी टोचत होता. मला वाटलं जर्मन औषध आहे. डबा उघडून वास घेतला तर चुना! त्यात पाणी घातलं की झाली चुन्याची निवळी. आजीच्या पानाच्या डब्यात होती तीच वस्तू, फक्त इथे वीस डॉलरची.

आजीचं नाव निघालंच आहे तर सांगतो. आजीचं सोवळं कडक होतं, आणि बारा वर्षांचा दादा मुद्दाम तिच्या वाळत घातलेल्या लुगड्याला शिवून पळायचा. "यात विज्ञान काय आहे ते सांग," असं तिला विचारायचा. आता त्याच्याकडे नवीन प्रवाळ आलं तर ते थेट टाकीत जात नाही. आधी पांढऱ्या बादलीत औषधी आंघोळ. मग ज्या चकतीवर चिकटवून आलंय ती चकती तोडून फेकायची, कारण तिच्यावर किड्याची अंडी असू शकतात आणि औषधाने किडा मरतो, अंडं मरत नाही. मग तळघरातल्या वेगळ्या टाकीत दीड-दोन महिने वनवास. दर आठवड्याला पुन्हा आंघोळ. या टाकीची जाळी त्या टाकीला नाही. वहिनीने हाताला क्रीम लावलं असेल तर तिने सहा फुटांवरून बघायचं. मी तळघरात एक निळी बादली सहज बाजूला सरकवायला गेलो तर वरून आवाज आला, "शिवू नकोस तिला!"

शब्द तोच, सूरही तोच. मी वर बघितलं. त्याच्या काही लक्षात आलं नव्हतं.

सत्यनारायणाचा दिवस मात्र विसरता येत नाही. मुलीला नोकरी लागली म्हणून पूजा होती. सकाळी आठला दादाला दिसलं की सहा वर्षं वाढवलेली निळी ॲक्रोपोरा, फ्लॉवरच्या गड्ड्याएवढी, बुडापासून सोलवटतेय. ओला कागद सुटावा तशी तिची कातडी सुटत होती आणि खाली पांढरा सांगाडा. याला प्रवाळ पाळणारे लोक आरटीएन म्हणतात. कारणं दहा सांगतात, जंतूंपासून क्षारतेच्या चढउतारापर्यंत, पण एकदा सुरू झालं की काही तासांत सगळं प्रवाळ पांढरं. उपाय एकच, आणि तोही क्रूर. मरण वर चढतंय त्याच्या पुढे जाऊन जिवंत शेंडे हाडं कापायच्या कात्रीने छाटायचे आणि सुपरग्लूने नव्या चकत्यांवर बसवायचे. वहिनी चौरंग मांडत होती, पलीकडे दादा सोवळं नेसून शेंडे छाटत होता. अकरा निघाले.

गुरुजींनी आचमनाला सांगितलं. यजमानांचा अंगठा तर्जनीला घट्ट चिकटलेला.

"ही कोणती मुद्रा?" गुरुजी म्हणाले.

वहिनी काही न बोलता उठली आणि नेलपॉलिश काढायची बाटली घेऊन आली. त्या दिवशी देवासमोर उदबत्तीच्या आधी ॲसिटोनचा दरवळ सुटला.

पूजाभर दादाची मान टाकीकडे. चौथ्या अध्यायात साधुवाण्याची नाव बुडाली तेव्हा दादाच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. गुरुजी इतके भारावले की तो परिच्छेद त्यांनी पुन्हा वाचला. मी बसलो होतो तिथून टाकी दिसत होती. नऊ शेंडे पांढरे झाले होते.

उरलेले दोन दुसऱ्या दिवशी गेले. दादाने सांगाडा फेकला नाही, गॅरेजच्या फळीवर ठेवला. चार दिवस त्याने पाणी तपासलं नाही, आणि वहिनी मला हळूच म्हणाली, "भाऊजी, तुम्ही तरी विचारा ना आज आकडा किती आला ते."

मग पेनसिल्व्हेनियातल्या एका मित्राचा फोन आला. तीन वर्षांपूर्वी दादाने त्याला त्याच निळीचा बोटाच्या पेराएवढा तुकडा दिला होता. ही या लोकांची विम्याची पद्धत. आपल्याकडचं मेलं तर दुसऱ्याच्या घरी वंश असावा. तो तुकडा आता मुठीएवढा झाला होता, आणि मित्र त्यातली एक फांदी थर्मासच्या डब्यात घालून दोन तास गाडी चालवत निघाला होता.

दादा सकाळपासून दारात. वहिनी म्हणाली, "लेक माहेरी येतेय. भाकरतुकडा ओवाळू का?"

"ओवाळणं राहू दे. पांढरी बादली कुठंय?"

मित्र आला. डबा गॅरेजच्या उंबऱ्यापलीकडे गेलाच नाही. आंघोळ झाली, दादाने बादलीच्या तळाशी भिंग धरलं आणि एकदम ओरडला. तळाशी नखाच्या अर्ध्याएवढा एक चपटा किडा वळवळत होता. इतका आनंद त्याच्या चेहऱ्यावर मी मुलीच्या नोकरीच्या वेळीही बघितला नव्हता. "बघ! बघ! तसंच आत घेतलं असतं तर?"

मित्र बिचारा ओशाळून उभा. म्हणाला, "बरं, तुझी टाकी तरी बघू का? आणि जरा चहा..."

"ये ना, ये," दादा म्हणाला. "आधी हात धू. साबण नको."