दोन दिवसांचा कोच

हिंजवडीतल्या एखाद्या कंपनीत नवी टीम 'अजाइल' करायचं, म्हणजे सॉफ्टवेअर छोट्या टप्प्यांत बनवायला लावायचं, ठरलं की एक माणूस येतो. त्याच्या पिशवीत लॅपटॉपपेक्षा स्टिकी नोटांची चवड जाड असते आणि तो कुणालाही 'सर' म्हणू देत नाही. आल्या आल्या खुर्च्या भिंतीला लावून तो सगळ्यांना उभं करतो आणि 2001च्या फेब्रुवारीत यूटामधल्या स्नोबर्डला सतरा जणांनी अजाइलचा जाहीरनामा कसा लिहिला, ते सांगतो. सांगतो मात्र मनापासून. तिथला बर्फ जणू याच्याच बुटांना लागला होता. मग चार मूल्यं. प्रक्रियेपेक्षा माणसं मोठी, जाडजूड कागदपत्रांपेक्षा चालणारं सॉफ्टवेअर मोठं, ही दोन तो टाळ्या घेत म्हणतो. करारातल्या घासाघिशीपेक्षा ग्राहकाशी सहकार्य मोठं, ही तिसरी स्लाइड जरा लगबगीने सरकते. कारण करारावर तारखेसकट, किमतीसकट सही होऊन गेलेली असते आणि सही करणारे साहेब प्रास्ताविकाची दहा मिनिटं बोलून 'एका कॉलला' गेलेले असतात.

कोचची थट्टा होते ती त्याच्या कर्मकांडाबद्दल. मला ती अन्यायाची वाटते. तो शिकवतो ते बहुतांशी बरोबरच असतं. फक्त ज्यांना शिकवतो त्यांच्या हातात काही नसतं. पत्त्यांचा खेळच बघा. एखाद्या कामाला किती कष्ट पडतील याचा आकडा प्रत्येकाने गुपचूप निवडायचा आणि एकदम उघडायचा, म्हणजे ज्येष्ठाचं बघून कनिष्ठ आकडा बदलत नाही. युक्ती झकास आहे. टेस्टिंगवाली मुलगी तेरा दाखवते, कोडिंगवाला पाच, वाद रंगतो, आठावर तडजोड होते आणि संध्याकाळी मॅनेजर म्हणतात, "आपण तीन धरू." रोजच्या पंधरा मिनिटांच्या स्टँड-अपचंही तेच. स्क्रम या अजाइल पद्धतीच्या नियमपुस्तिकेप्रमाणे ती सभा काम करणाऱ्यांची, आपसात दिवस आखण्यासाठी. टीम गोलात उभी राहते खरी, पण बोलताना सगळ्यांच्या माना मॅनेजरकडे वळतात. (काल काय केलं, आज काय करणार, अडचण काय, हे तीन प्रश्न पुस्तिकेने 2020मध्ये गाळले. कोचच्या छापील कागदावर ते अजून ठळक आहेत.)

यावर कोचचं ठरलेलं उत्तर आहे आणि ते पोकळ नाही. नवख्याला आधी नियमच लागतात. जपानी 'शु-हा-री'चा दाखला देऊन तो म्हणतो, आधी पाळा, मग मोडा, मग सोडा. मान्य. पण पाळायला फ्रेशरला शिकवावं लागत नाही, तो कॉलेजातून तेवढंच शिकून आलेला असतो. मोडायचं म्हणजे "हे या स्प्रिंटमध्ये (कामाच्या ठरलेल्या टप्प्यात) बसणार नाही" असं तोंडावर म्हणायचं, आणि ते धाडस येईपर्यंत कोच दुसऱ्या कंपनीत बर्फापर्यंत पोचलेला असतो. मग त्यानेच साहेबांना खडसवावं, असं कुणी म्हणेल. त्याच्या बिलावर सही कुणाची असते, हे म्हणणाऱ्याने आधी पाहावं. शिवाय बिचाऱ्याने प्रयत्न केलेला असतो. त्याच्या माहितीपत्रकात शेवटी 'व्यवस्थापकांसाठी अर्धा दिवस' असं सत्र असतं. त्याला साहेब आवर्जून कुणाला तरी पाठवतात. बहुतेकदा टेस्टिंगवाल्या मुलीलाच, नोट्स काढायला.