दसऱ्याच्या गाडीचे ब्रेक: नवशिक्यांसाठी

साहित्य: जॅक, दोन घोड्या, चार विटा, लाकडी हातोडा, ब्रेक ऑईलचा सीलबंद डबा, एक जुनं बनियन आणि निवृत्त शेजारी. शेजारी आणावे लागत नाहीत. निगडी-प्राधिकरणात बॉनेट उघडलं की पाच मिनिटांत ते आपोआप जमतात.

माझी गाडी कुर्ल्यात बनलेली प्रीमियर पद्मिनी. चारही चाकांना ड्रम ब्रेक. आषाढात कव्हर चढतं ते खंडेनवमीला उतरतं. चाकणहून रोज कोऱ्या गाड्या ट्रेलरवर लादून देशभर जातात. आमची चार महिन्यांत गेटबाहेर पडत नाही.

निदान. पहिला गिअर टाका, क्लच सोडा. गाडी मागे बसली आणि इंजिन बंद पडलं, तर चाक जाम आहे. इकडच्या कंपन्यांत बिघाड झाला की पाच वेळा 'का' विचारायची पद्धत आहे, तीच वापरा. गाडी का हलत नाही? मागची चाकं जाम. का? लायनर ड्रमला चिकटलेत. का? आत गंज चढला. का? पावसाळाभर हँडब्रेक ओढून उभी होती. का? पाचव्या 'का'ला घरातले सगळे माझ्याकडे बघतात.

एव्हाना शेजारी आलेले असतात. प्रत्येक जण आपापल्या डिपार्टमेंटचा रोग सांगतो. एसकेएफमधून रिटायर झालेले म्हणतात, बेअरिंग गेलं. टेल्कोच्या टूलरूमवाल्यांच्या मते ड्रम ओव्हल झालाय. क्वालिटीतले गृहस्थ व्हर्नियर मागतात आणि परत देत नाहीत. सगळ्यांना चहा द्या, ऐकून घ्या, आणि पहिला आणि रिव्हर्स आलटूनपालटून टाकत गाडी हळूच झुलवा. 'कट्' असा आवाज आला तर चाक सुटलं. नाही सुटलं तर गाडी घोडीवर घ्या आणि ड्रमवर लाकडी हातोड्याने ठोका. लोखंडी हातोडा नको. ड्रम बिडाचा असतो, तडकतो.

ड्रम उतरवताना नवशिके एकच चूक करतात, मीही केली. ड्रमच्या कडेला झिजेमुळे धार तयार झालेली असते, तिच्यात शू अडकतात. आपण ओढतो, ड्रम निघत नाही, मग आपण जोर लावतो आणि स्प्रिंग उडून शेजाऱ्यांच्या कुंडीत जाते. आधी हँडब्रेक सोडा, मागच्या प्लेटवरचा ॲडजस्टर सैल करा, शू आत जाऊ द्या. मग ड्रम मुकाट्याने निघतो. आतली पूड फुंकू नका. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असतं. बनियन इथे कामाला येतं, ओलं करून.

आपल्याकडे काहीही पेट्रोलने धुवायची खोड आहे. व्हील सिलिंडरचे रबर पेट्रोलने फुगतात आणि मग शू मागेच येत नाहीत. ते ब्रेक ऑईलनेच धुवायचे. ऑईल हवेतलं पाणी शोषतं आणि सिलिंडर आतून गंजवतं, म्हणून गाडी चालो न चालो, दोन वर्षांनी बदला. उघडून ठेवलेला डबा वापरू नका. आणि ते बॉडीवर सांडलं तर रंग उतरतो, हे बायकोला कळायच्या आत पुसा.

आता पेडल. एका दाबात खाली जातं, दुसऱ्यात वर येतं: शू लांब गेलेत, सेटिंग करा. स्पंजासारखं लागतं: लाईनमध्ये एअर आहे. पाय ठेवल्यावर हळूहळू खाली बसतं: मास्टर सिलिंडरचं रबर संपलं. यात अंदाजाला वाव नाही. बहुतेक जुन्या गाड्यांत चारही चाकांची लाईन एकच असते. एक सिलिंडर गळला की ब्रेक एका चाकाचा जात नाही, गाडीचा जातो. दाबल्यावर गाडी डावीकडे ओढत असेल तर शेजारी डावं चाक उघडायला सांगतील. तुम्ही उजवं उघडा. बहुधा डावं चाक काम करत असतं, उजव्याने राजीनामा दिलेला असतो.

रबर किट पुण्याला नाना पेठेत विचारा. काउंटरवरच्या पोराने "पद्मिनी? डिझेल का सीएनजी?" असं विचारलं तर त्याच्यावर रागावू नका. आत बसलेल्या म्हाताऱ्या मालकाला हाक मारा.

पुढच्या पावसाळ्यात हँडब्रेक ओढू नका. गाडी गिअरमध्ये ठेवा, चाकांना विटा लावा, आणि पंधरा दिवसांनी पेट्रोलकडे न बघता चिंचवडच्या मोरया गोसावी मंदिरापर्यंत एक चक्कर मारा, वाटेत दहा-बारा वेळा ब्रेक दाबत.

लोक दसऱ्याला पुढच्या दोन चाकांखाली लिंबं ठेवतात. मी मागेही दोन ठेवतो, कारण जाम होतात ती मागचीच. यंदा चारही फुटली.