पेला रिकामा ठेवू नये

साके हे तांदळाचे मद्य आहे. त्याला तांदूळ, पाणी, यीस्ट आणि कोजी नावाची बुरशी एवढेच लागते. मराठी घरात भाताला बुरशी आली की भात फेकला जातो आणि कुणाला तरी बोलणी बसतात; जपानात ब्रूइंग सोसायटीने 2006 मध्ये हिला राष्ट्रीय बुरशी ठरवले. मान योग्यच आहे. द्राक्षात साखर आयती असते, तांदळात ती घडवावी लागते. कोजी तांदळातल्या स्टार्चची साखर करते आणि त्याच पिंपात, त्याच वेळी, यीस्ट त्या साखरेचे अल्कोहोल करते. अशाने अल्कोहोल 20 टक्क्यांच्या आसपास चढते. बाटलीत भरण्यापूर्वी बहुधा पाणी घालून ते 15-16 टक्क्यांवर आणतात. म्हणजे साके बिअरच्या तिप्पट कडक असते आणि दिसते पाण्यासारखे. पुढच्या सगळ्या अडचणींचे मूळ इथे आहे.

साकेची प्रत तांदूळ किती घासला यावर ठरते. घासून 60 टक्के किंवा त्याहून कमी दाणा उरला तर गिंजो, 50 टक्के किंवा त्याहून कमी उरला तर दाइगिंजो. निम्मा दाणा घासून टाकतात हे ऐकून मराठी प्रवासी अस्वस्थ होतो. ते पीठ तांदळाच्या खाऱ्या बिस्किटांत आणि जनावरांच्या खाद्यात जाते असे सांगितल्यावर तो पुन्हा पेल्याकडे वळतो.

कोबेजवळचे नादा आणि क्योतोच्या दक्षिणेचे फुशिमी ही साकेची दोन मोठी केंद्रे. नादाचे पाणी जड, तिथले साके रोखठोक. फुशिमीचे पाणी मृदू, साकेही मवाळ. फुशिमीच्या इनारी देवस्थानात डोंगरभर हजारो लाल तोरणे आहेत. तो डोंगर चढून उतरल्यावर तहान लागते.

तहानलेला प्रवासी इझाकायात, म्हणजे जपानी गुत्त्यात जातो. तिथे न मागता एक वाटी पुढे येते. तिला ओतोशी म्हणतात आणि तीत चमचाभर पालक, मुळा किंवा असेच काही असते. प्रवासी ती फुकट समजून खातो. शाकाहारी असल्यास तीत माशाचा अर्क आहे हे खाऊन झाल्यावर कळते. पैसे लागले आहेत हे बिल आल्यावर कळते. पाहुण्याला न विचारता वाढायचे आणि मग वाढल्याचे पैसे लावायचे, याचे समर्थन कठीण आहे. ओतोशीचे कैवारीसुद्धा ‘ही बसण्याची फी आहे’ यापलीकडे जात नाहीत.

मग मासु येतो. हे तांदूळ मोजायचे लाकडी चौकोनी माप. त्यात काचेचा पेला उभा करतात आणि साके सांडेपर्यंत ओततात. पेला भरत आला की मराठी प्रवासी ‘बस, बस’ म्हणतो. काठाला लागला की हात आडवा करतो. सांडू लागल्यावर कागदी रुमाल घेऊन धावतो. सांडणे ही दुकानाची उदारता असते आणि सांडलेले मासूतून प्यायचे असते, बशीतल्या चहासारखे. एवढे समजल्यावर मात्र तो हे काम आवाजासकट चोख करतो.

खरा अनर्थ छोट्या पेल्याने, ओचोकोने होतो. आपला पेला आपण भरायचा नाही, शेजाऱ्याने भरायचा, असा रिवाज आहे. रिकामा पेला म्हणजे आणखी हवे. पुरे झाले असेल तर पेला भरलेलाच ठेवून द्यायचा. मराठी वळण नेमके उलटे: पानात टाकायचे नाही, वाढलेले संपवायचे. आता यजमान जपानी आणि पाहुणा मराठी असला की काय होते? यजमान भरतो, पाहुणा संपवतो. संपले म्हणून यजमान भरतो, भरले म्हणून पाहुणा संपवतो. दोघेही एकमेकांचा मान राखत असतात. ओचोको दोन-तीन घोटांचाच असल्याने हिशेब राहत नाही. तिसऱ्या सुरईला पाहुणा ‘नको’ म्हणतो. पण पहिला नकार शिष्टाचारात धरायचा असतो हे दोन्ही संस्कृतींना मान्य आहे. पाचव्या सुरईला तो किल्ल्यांवर बोलू लागतो. हिमेजीचा किल्ला देखणा आहे, पण राजगड चढून दाखवा, असे आव्हान तो शेजारच्या टेबलालाही देतो. शेजारचे टेबल टाळ्या वाजवते आणि त्याचा पेला भरते. यजमानाची अवस्था वेगळी नसते, कारण त्याचा पेला पाहुणा भरत असतो आणि पाहुणा पीत असताना हात आखडणे असभ्य. अखेर ‘लास्ट ऑर्डर’ जाहीर होते आणि दोघे सुटतात.

बिअरचे कोडे कराचे आहे. कर माल्टच्या प्रमाणावर होता, म्हणून कंपन्यांनी कमी माल्टची हाप्पोशू काढली. तिच्यावर कर वाढला तेव्हा वाटाण्याच्या प्रथिनाचे पेय काढले, जे चवीला साधारण बिअरच्या दिशेने जाते. ऑक्टोबर 2026 पासून तिन्हींवर 350 मिलिलिटरला 54.25 येन असा एकच कर ठरला आहे. वाटाण्याला आता कारण उरत नाही.

वाइनसाठी यामानाशी प्रांतातले कात्सुनुमा. तिथून 1877 मध्ये दोन तरुणांना वाइन शिकायला फ्रान्सला पाठवले होते. कोशू द्राक्षाची वाइन हलकी, किंचित आंबट, माशाबरोबर चांगली.

व्हिस्कीच्या इतिहासात थट्टेला जागा कमी आहे. मासाताका ताकेत्सुरू साके करणाऱ्या घराण्यातले. 1918 मध्ये ते स्कॉटलंडला गेले, भट्ट्यांत राबून वहीत टिपणे घेतली आणि 1920 मध्ये रिटा कोवन यांच्याशी नोंदणी विवाह केला. दोन्ही घरे नाराज होती. शिंजिरो तोरी यांनी 1923 मध्ये यामाझाकीला भट्टीचे काम सुरू केले ते ताकेत्सुरूंना हाताशी धरून. 1929 ची पहिली व्हिस्की लोकांना धुरकट लागली आणि पडली. 1934 मध्ये ताकेत्सुरू होक्काइदोतल्या योइचीला गेले. तिथली व्हिस्की मुरेपर्यंत त्यांच्या कंपनीने सफरचंदाचा रस विकला. तिची पहिली व्हिस्की 1940 मध्ये आली. पाठोपाठ ब्रिटनशी युद्ध आले आणि रिटा शत्रूदेशाच्या ठरल्या. त्यांच्यावर पाळत होती. जपानी लोणची घालायला शिकलेली ही बाई तरीही तिथेच राहिली, 1961 मध्ये तिथेच गेली. योइची स्थानकासमोरच्या रस्त्याला त्यांचे नाव आहे.

योइचीची भट्टी पाहायला आधी नोंदणी करावी लागते आणि शेवटी व्हिस्कीची चव देतात. ओतारूहून रेल्वेने साधारण 25 मिनिटे लागतात. मोटारीने जाऊ नये: जपानात प्यालेल्या चालकाबरोबर जाणून-बुजून बसणाऱ्यालाही शिक्षा होते.